एकादशीला न चालणारी कॅप्सूल

आमच्या सासुरवाडीला गेलं की आधी पाणी मिळत नसे, आधी कॅप्सूल मिळत असे. मी चपला काढतो न काढतो तोच माणिकराव, म्हणजे माझे सासरे, आतून बाटली घेऊन यायचे आणि म्हणायचे, "जावईबापू, हात पुढं करा." हात उजवाच पाहिजे आणि तोही तीर्थ घेताना करतात तसा खोलगट. मग ते बाटली कानाशी हलवायचे, एक कॅप्सूल माझ्या हातावर ठेवायचे आणि मी ती गिळेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. मी जावई. नको म्हणायची सोय नव्हती. लोकांना सासुरवाडीला पुरणपोळी मिळते, मला लसणाचा अर्क मिळायचा आणि परतीच्या वाटेवर मलकपेठेच्या आमच्या घरापर्यंत लसणाचेच ढेकर यायचे.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. त्यांचे आजोबा उदगीरकडची शेती भावकीवर सोपवून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. मामा वीज खात्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि नल्लकुंट्याच्या भाजी बाजारामागं दुसऱ्या मजल्यावर राहू लागले. अंगानं काटकुळे, तंबाखू नाही, विडी नाही, महिन्याच्या दोन्ही एकादश्या कडक. असल्या माणसाचा रिपोर्ट आला आणि त्यात कोलेस्टेरॉल भरपूर निघालं. त्यांना तो आजार वाटलाच नाही, अपमान वाटला.

"आमच्या घराण्यात कुणालाच कोलेस्टेरॉल नव्हतं," ते म्हणाले.

"कुणी तपासलं होतं का, मामा?"

"नव्हतंच, तर तपासणार काय?"



कोठी भागात एक डॉक्टरीणबाई होत्या, तेलुगू, शांत स्वभावाच्या. त्यांनी एक गोळी लिहून दिली आणि ती रोज रात्री कायमची घ्या म्हणून सांगितलं. त्या 'कायमची' शब्दानं घात केला. मामांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली, घरी येऊन मामींच्या हातात दिली आणि जाहीर केलं, "हे आपल्याला जमणार नाही. गोळी घेतो तो पेशंट. कॅप्सूल घेतो तो शहाणा." दोन्हींत फरक काय असं मी विचारलं, तर ते माझ्याकडं अशा कीवेनं बघत राहिले की मलाच माझी लाज वाटली. गोळी औषधाच्या दुकानातून येते, कॅप्सूल अमेरिकेतून येते. गोळी डॉक्टर देतो, कॅप्सूल पोरगा देतो. हा फरक.

पोरगा म्हणजे माझा मेहुणा संदीप. तो अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत. वडिलांचा रिपोर्ट त्याला कळला आणि तेव्हापासून जो कोणी हैदराबादला येईल त्याच्या सामानात बाटल्या यायला लागल्या. लसूण आला, जवसाचं तेल आलं, कसलासा चोथा आला, माशाचं तेल आलं. माशाच्या तेलाची बाटली मामींनी देवघराच्या खोलीत येऊ दिली नाही, म्हणून ती अख्खी माझ्या वाट्याला आली. जवसाच्या बाटलीवरून तर मी भांडलोच. "मामा, जवस तुमच्या घरात उदगीरहून पोत्यानं येतं. मामी रोज चटणी करतात. तेच जवस अमेरिकेहून विमानानं मागवायचं?"

"हौ, पण ते आपलं जवस," मामा म्हणाले. "हे तपासलेलं जवस."

दर रविवारी सकाळी संदीपचा फोन यायचा. मी तिथं असलो तर मलाही ऐकावा लागायचा, कारण मामा फोन स्पीकरवर टाकून शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं बोलत. बापलेकांचं बोलणं दर वेळी तेच. "बाबा, लसणाची घेता का?" "घेतो." "जवसाची?" "घेतो." "रिपोर्ट कधी?" "पुढच्या महिन्यात." "बरं, ठेवतो." मग मामा फोन खाली ठेवायचे आणि जिंकल्यासारखे आमच्याकडं बघायचे. मला वाटायचं, बापलेकांना बोलायला जगात दुसरं काही नाही का? पण हे माझ्या बायकोपुढं, अर्चनापुढं, बोलायची हिंमत नव्हती. तिचा बाप आणि तिचाच भाऊ.

त्या घरात मला एकच गोष्ट मिळायची नाही, ती म्हणजे मामांची चटणी. सगळ्यांसाठी जवसाची चटणी मोठ्या बरणीत असे, पण मामांची वाटी वेगळी. मामी रोज संध्याकाळी लहान खलबत्त्यात त्यांच्यापुरती ताजी कुटायच्या, वर तेल सोडायच्या आणि भाकरीशेजारी ठेवायच्या. एकदा मी सहज त्या वाटीत बोट घातलं, तर मामींनी माझ्या हातावर चक्क चापट मारली. जावयाच्या हातावर! "ती त्यांची आहे, बिनतिखटाची," एवढंच म्हणाल्या आणि मला बरणीतली वाढली. मी रुसलो. पण घर त्यांचं, चटणी त्यांची, म्हणून बरणीतलीच खाल्ली.

आणि मग रिपोर्ट उतरला. चांगला दणदणीत उतरला. त्यानंतर मामांचं जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. बागेत फिरायला येणाऱ्यांना, खालच्या मजल्यावरच्या रेड्डींना, दूधवाल्याला, ज्याला त्याला ते अडवून सांगायचे, "कॅप्सूलनं उतरलं. डॉक्टरची गोळी नाही, काही नाही. आमच्या संदीपनं उतरवलं." आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत तर गणपतीच्या वर्गणीचा विषय चालला असताना ते उठून उभे राहिले आणि लसणावर बोलले. मामी हे सगळं शेजारी बसून ऐकायच्या. चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. मला वाटायचं, काय ही बाई सोशीक! नवऱ्याची बढाई रोज ऐकून हिचे कान कसे किटत नाहीत?

पुढच्या उन्हाळ्यात लाल बाटली आली. संदीप म्हणाला, ही सगळ्यांत पॉवरफुल आहे, तांदळावर लाल बुरशी वाढवून करतात. मामा खूश झाले. "म्हणजे शिळ्या भाताचीच करामत!" ही कॅप्सूल मात्र ते कुणाला फारशी वाटायचे नाहीत. मला एकदाच मिळाली. बाकीची सगळी ते स्वतः, सकाळ-संध्याकाळ, नेमानं घ्यायचे.

भर पावसाळ्यात मामांचे पाय दुखायला लागले. ते जिना उतरताना कठड्याला धरायला लागले. विचारलं की म्हणायचे, "हवा." मग मांड्या दुखायला लागल्या, खांदे दुखायला लागले, तरी हवाच. गणपतीत आमच्या मंडळाची पंगत असते. त्या पंगतीत वरणाची बादली मामांची, हे ठरलेलं. वरण वाढताना ते प्रत्येकाच्या पानाशी वाकायचे आणि "घ्या जी, लाजू नका" म्हणायचे. त्यांच्यासारखं वाढणारं कुणी नव्हतं, हे मी रागातसुद्धा कबूल करीन. त्या वर्षी त्यांनी बादली उचलली, पहिल्याच पानाशी वाकले आणि तसेच राहिले. त्यांना उठता येईना. मी जाऊन बादली धरली. त्यांनी ती सोडली आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर जाऊन बसले. सगळी पंगत उठेपर्यंत ते स्वतःच्या तळहातांकडं बघत होते. मला एकदम भीती वाटली.

त्याच रात्री मामींनी अर्चनाला बाजूला घेऊन सांगितलं की यांची लघवी कोऱ्या चहासारखी होते आहे. मी लगेच डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी रिकाम्या पोटी घेऊन या, रक्त तपासू. मी मामांना फोन करून बजावलं, "उपाशी यायचं बरं का, मामा." ते म्हणाले, "उद्या तसाही माझा उपासच आहे." माझ्या कपाळावर तेव्हाच हात जायला हवा होता.

सकाळी मी दोघांना गाडीतून कोठीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मामांच्या मांड्या दाबून बघितल्या. ते ओठ आवळून कळ सोसत होते. मग त्यांनी विचारलं, "अंकल, खाली पेट आये ना?"

"एकदम," मामा ताठ बसून म्हणाले. "एकादशी है आज. पूरा उपास."

"सुबह से कुछ नहीं खाये?"

"कुछ नहीं. खाली साबुदाना, दो केले, एक मूंगफली का लड्डू, और चाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. वर मामाच दुखावले. "अम्मा, चावल का एक दाना मुँह में नहीं डाला मैंने! वो लाल कॅप्सूल भी नहीं लिया आज, उसमें चावल है बोलके."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कौनसी लाल कॅप्सूल?"

थोड्या वेळापूर्वीच त्यांनी विचारलं होतं, दुसरी कुठली औषधं घेता का, आणि मामांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, काहीच नाही. त्यांच्या लेखी ते खरंच होतं. आता त्यांनी सदऱ्याच्या खिशातून लाल बाटली काढली. बाहेर बसलेल्या पेशंटांना दाखवायला म्हणून ती बरोबर आणली होती. "ये दवा नहीं है अम्मा. खाने की चीज है. लड़का अमेरिका से भेजता."

बाईंनी बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "अंकल, इसमें जो है ना, वो मेरी गोलीकीच सगी बहन है. दोनों साथ में लेंगे तो पूरे मसल्स पकड़ लेते. ऊपर से किडनी पे लोड. और थोड़े दिन जाते तो मुश्किल होता."

"तुम्हारी गोली?" मामा म्हणाले. "तुम्हारी गोली तो मैं कभी लियाच नहीं."

हे मला माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं. त्यांच्या कागदावर दर वेळी 'गोळी चालू' असंच लिहिलेलं. पण मग दोन बहिणी एकत्र आल्या कशा? बाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी मामींकडं बघायला लागलो. मामी पिशवीच्या बंदाला पीळ घालत होत्या.

"मी घालते," त्या म्हणाल्या. "रोज रात्रीची. चटणीत कुटून. चिठ्ठी दिली तेव्हापासून."

 डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं, म्हणून हे त्यांना हिंदीतून सांगायची पाळी माझ्यावर आली. सासूनं सासऱ्याला चोरून औषध घातलं, हे जावयानं भाषांतर करून सांगायचं! मी सांगितलं. सांगताना मला त्या वेगळ्या वाटीचा आणि माझ्या हातावरच्या चापटीचा उलगडा झाला. त्या रिपोर्टचा झाला. मामी सगळ्या बढाया का गप्प बसून ऐकत होत्या, तेही कळलं. सगळ्या गल्लीत लसणाचा जयजयकार चालला होता तेव्हा रिपोर्ट उतरवत होता मामींचा खलबत्ता. आता मामा भडकणार म्हणून मी खुर्ची थोडी पुढं ओढली.

"माहीत आहे मला," मामा म्हणाले.

मामींनी मान वर केली.

"कडवट लागते की ओ. उदगीरचं जवस कधी असं कडू लागलंय का? पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू घालायची बंद केली असतीस," मामा म्हणाले. "आणि मग मला ती पाण्यासंगं, पेशंटसारखी, हातात घेऊन गिळावी लागली असती."

माझा तोल सुटला. सासरे म्हणून आजवर गिळलेलं सगळं त्या दवाखान्यात बाहेर आलं. "अहो मामा, गोळी पोटात जातेय हे तुम्हाला माहीत होतं, तर ही लाल कशाला घेत होता? आणि गावभर लसणाचं नाव कशाला? मामींचं श्रेय मामींना द्यायला काय झालं होतं?"

मामा माझ्यावर चिडले नाहीत. उलट समजावायच्या सुरात म्हणाले, "हिनं काय केलं ते हिला माहीत आहे, जावईबापू. पोराला काय माहीत? तो तिकडं बसून काय करणार बापासाठी? बाटलीच पाठवणार ना? ती पोराची आहे. ती कशी टाकू?"

मामी पदरानं डोळे पुसायला लागल्या. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, क्या बोल रहे, क्या बोल रहे. त्या वेळी मात्र मी भाषांतर केलं नाही.

मामांना काही दिवस दवाखान्यात ठेवून सलाईन लावलं. गोळी बंद, लाल कॅप्सूल बंद, बाकी बाटल्याही बंद. किडनी वाचली, पाय हळूहळू सुधारले. घरी आल्यावर त्यांनी पहिला हुकूम काढला, "संदीपला यातलं काही कळवायचं नाही." अर्चना मान डोलवून बसली. मला ते पटलं नव्हतं, पण मीही त्या वेळी गप्प राहिलो. रविवारी फोन आला, स्पीकरवर.

"बाबा, लाल कॅप्सूल घेता का?"

"घेतो रे," मामा म्हणाले.

माझ्या डोक्याची शीर उठली. मी फोन हिसकावून घेतला आणि संदीपला सगळं सांगितलं. एकादशी सांगितली, लाल कॅप्सूल सांगितली, चटणी सांगितली, किडनी सांगितली. आवाज चढवून सांगितलं. हेही सांगितलं की यापुढं डॉक्टरला विचारल्याशिवाय एकसुद्धा बाटली पाठवलीस तर ती मी मुसी नदीत बुडवीन.   मग संदीप म्हणाला, "दाजी, मग मी बाबांना विचारू काय?"

 एवढा मोठा माणूस, दोन मुलांचा बाप, आणि त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. मामांनी माझ्या हातातून फोन घेतला, आयुष्यात पहिल्यांदा स्पीकर बंद केला आणि म्हणाले, "अरे, काय खाल्लंस म्हणून विचार की. मी सांगतो. मग मी विचारतो, तू सांग." आणि खिडकीपाशी जाऊन ते संदीपला साबुदाण्याची उसळ कशी झाली होती ते सांगायला लागले. त्या दिवशी फोन खूप लांबला.

पुढं डॉक्टरीणबाईंनी दुसरी, हलकी गोळी सुरू केली. मामा घ्यायला तयार झाले, पण चटणीतूनच. बाईंनी कपाळावर हात मारला आणि परवानगी दिली. म्हणजे इतकं रामायण होऊन काय बदललं, तर जे चोरून चाललं होतं ते उघड चालायला लागलं. पुढच्या गणपतीत मामांनी वरणाची बादली पुन्हा उचलली. माझ्या पानाशी वाकून म्हणाले, "घ्या जी, लाजू नका." मी घेतलं. राग होताच, तरी घेतलं.

मामा गेले त्याला आता काही वर्षं झाली. थंडीत छातीत कफ झाला आणि त्यातच गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय शेवटपर्यंत चांगलं होतं. मला पहिला विचार आला तो हा, की हे मामांना कळलं असतं तर त्यांनी सगळ्या नल्लकुंट्याला अडवून सांगितलं असतं, आणि नाव पुन्हा लसणाचंच घेतलं असतं. त्या विचारानं मला रडू आलं. इतका वैताग देणारा माणूस गेल्यावर घर एवढं रिकामं का वाटावं?

मामी आता आमच्याकडं मलकपेठेला असतात. येताना त्यांनी दोन लुगड्यांच्या घडीत लहान खलबत्ता गुंडाळून आणला. रविवारचा फोन आता आमच्या घरी येतो. संदीप आधी आईला विचारतो, मग ताईला, मग मला, "दाजी, काय खाल्लं?" आणि मीही शहाण्यासारखं सगळं सांगतो.

मध्यंतरी ऑफिसच्या तपासणीत माझाही रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल भरपूर. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, कायमची. मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि अर्चनाला म्हणालो, "बघू. आधी चालणं वाढवतो, तेल कमी करतो. लगेच गोळी कशाला?" तिनं चिठ्ठी माझ्या खिशातून काढून घेतली. मामी आत कणीक मळत होत्या, ती तिकडं गेली.

गेल्या आठवड्यापासून माझ्या पानात चटणीची वाटी वेगळी येते. रविवारी जेवताना फोन आला.

"दाजी, काय खाताय?"

"भाकरी, आणि जवसाची चटणी."

"आईच्या हातची? कशी झालीय?"

मी मामींकडं बघितलं. त्या ताटाकडं बघत भाकरीचा तुकडा मोडत होत्या.

"छान झालीय," मी म्हणालो. "जराशी कडवट आहे."

मामींचा हात थांबला. मी वाटी पुसून घेतली आणि भाकरी वाढा म्हणालो.